आठवं कडवं

चारूनं पर्समधून फ्लॉपी काढली आणि माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली. नवी कोरी, अजून कागदी पाकिटातली.

"कुंदाताई, बाबांची मंगलाष्टकं ह्यात घालून द्या. आणि एक प्रत कागदावर काढा. म्हणणाऱ्या मुली आजपासून बसणारेत पाठ करायला."

लग्न माघ वद्य पंचमीला होतं. बारा दिवस उरले होते. चारूच्या बाबांना, आमच्या शेजवळ गुरुजींना, जाऊन तीन महिने झाले होते. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून सगळी घाई. चारू सव्वीस वर्षांची. तिनं माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाली की तिला लग्नात दुसरं काहीच नको; शालू साधा चालेल, जेवण साधं चालेल, फक्त अंतरपाट धरल्यावर बाबांचे शब्द कानावर पडले पाहिजेत.

मी फाइल उघडली. नाव होतं 'मंगल१'.

पडद्यावर पहिली ओळ आली. आली मंगल वेळ ही, उजळली दारी दिव्यांची सभा. ओळ गुरुजींचीच. चारूनं नकळत खुर्ची पुढं ओढली. दुसरी ओळही गुरुजींची. तिसऱ्या ओळीत मुलीचं नाव आलं, आणि ते चारुलता नव्हतं. तिथं 'ही वनिता' असं होतं.

"ही वनिता कोण?" चारूनं विचारलं.

मला ती कोण ते त्या क्षणी आठवलं, आणि माझे हात मांडीवर येऊन पडले.

तेव्हा मी पाटणला मुजावर काकांच्या दुकानात टाइपिंग करायची. दुकान एसटी स्टँडच्या मागं, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला लागून एक बाकडं. लग्नपत्रिका, दहाव्याचे कागद, पतसंस्थेचे अहवाल, मंगलाष्टकं, जे येईल ते. आमची कामाची रीत ठरलेली होती. कोरी फाइल कुणी उघडायचंच नाही. जुनी उघडायची, तिच्यातली नावं बदलायची, छापायची आणि तशीच सेव्ह करायची. नक्षी तयार, समास तयार, गणपती जागच्या जागी. एका फाइलीतून त्या काळात किती लग्नं लागली असतील ते देवाला ठाऊक.

शेजवळ गुरुजी त्या वर्षी श्रावणात पहिल्यांदा दुकानात आले. पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांची मंगलाष्टकं त्यांनी रचलेली. पण आता उजव्या हाताला कंपवात होता. पेन धरलं की कागदावर नुसती वळवळ उमटायची. म्हणून ते सांगणार आणि मी टाइप करणार. बरोबर हौसाकाकी असायच्या, त्यांच्या पत्नी. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन त्या बाकड्याच्या टोकाला बसत. त्यांना अक्षरओळख नव्हती. बोलत तर जवळजवळ नव्हत्याच.

मुलीचं लग्न ठरलेलं नव्हतं तेव्हा. गुरुजी आधीच रचत होते. मला म्हणाले, "बाळ, जावयाच्या नावाची जागा मोकळी सोड. मिळेल त्याचं नाव बसवू. ह्या देहाचा भरवसा नाही."

मी सहज म्हटलं, की एक प्रत काढून देते. त्यांनी डावा हात वर केला. लग्न ठरण्याआधी मंगलाष्टकं कागदावर उतरवायची नाहीत, दृष्ट लागते. फाइलीला मुलीचं नावही देऊ नको म्हणाले. एवढा व्याकरणाचा, वृत्तांचा माणूस, पण लेकीच्या बाबतीत असा भाबडा. मुजावर काका हसून म्हणाले, "गुरुजी, कॉम्प्युटरला कुठली दृष्ट लागतीय?" गुरुजी म्हणाले, "काका, तुम्हाला चार मुलगे. तुम्हाला नाही कळायचं."

सात कडवी भराभर झाली. आठव्याला मात्र चार दिवस लागले. एक ओळ सांगायचे, थांबायचे, बाकड्याकडं बघायचे. काकींचे ओठ थोडे हलत, जसे जप करताना हलतात. मग गुरुजी दुसरी ओळ सांगायचे. मला वाटायचं, बायको कंटाळली का ते बघतात. शेवटच्या ओळीत त्यांनी अजून एक जागा मोकळी सोडायला लावली. तिच्यापुढं शब्द होता 'म्हणे'. रचणाऱ्याचं नाव येतं ती जागा.

"इथं तुमचंच नाव ना गुरुजी? घालते की."

"नको. नंतर सांगतो."

नंतर सांगायला ते आले नाहीत. दिवाळी झाली आणि आठवड्यात ते अंगणात बसल्या बसल्या गेले.

मग मार्गशीर्ष आला. एकाच दिवशी सात लग्नं. सकाळी नऊला मल्हारपेठचा एक माणूस धापा टाकत आला. मांडवात वऱ्हाड बसलंय, मंगलाष्टकांचा कागद हरवलाय, अर्ध्या तासात द्या. मी हाताला लागेल ती फाइल उघडली. 'मंगल१'. आत नावाच्या जागा मोकळ्या होत्या. मोकळ्या जागा म्हणजे नमुना, एवढंच माझ्या हातांना कळत होतं. चारुलताच्या जागी वनिता बसवली. वृत्त सांभाळायला आधी एक 'ही' जोडला. आठवं कडवं मुलीच्या आईवर होतं, आणि त्या मुलीला आई नव्हती. ते काढून टाकलं, तिथं मामा-काकांची नावं गुंफली. छापलं, सेव्ह केलं. तो माणूस पळाला. मी पुढची पत्रिका हातात घेतली.

हे सगळं मी चारूला सांगितलं. काहीच लपवलं नाही, तसं लपवण्यासारखं उरलंच काय होतं. ती पडद्याकडं बघत राहिली.

"म्हणजे बाबांची मंगलाष्टकं एका लग्नात म्हणून झाली," ती म्हणाली. "मी नव्हते तिथं."

ती रडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फ्लॉपी परत पाकिटात घातली, पाकिटाचं तोंड नीट दुमडलं आणि पर्समध्ये ठेवली.

मुजावर काका आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. माझ्यावर ते एरवी शाईच्या एका डागावरून ओरडायचे. त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांनी कराडच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि म्हणाले, असशील तसा निघ.

तो दुपारी आला. सीडी घातली, कॉम्प्युटरच्या पोटात काय काय शोधत बसला. मधे दीड तास लाइट गेली, तेव्हा आम्ही चौघं अंधारलेल्या पडद्यापुढं नुसतेच बसून होतो. चारू घरी गेली नव्हती. तिनं चहाही घेतला नाही. लाइट आल्यावर तो पुन्हा शोधायला लागला आणि शेवटी म्हणाला, "ताई, पुसलेलं परत येतं. कोपऱ्यात कुठं तरी पडलेलं असतं. पण हे पुसलेलं नाही. ह्याच्या छातीवर बसून दुसरं लिहिलंय."

तरी त्याला एक तुकडा सापडला. टाइप करताना मशीन आपल्यापुरती एक कच्ची प्रत ठेवतं, तिचं शेवटचं टोक. दिसायला नुसती इंग्रजी चिन्हं, स्वल्पविराम, कंस. मी त्याला आमचा मराठी फाँट लावला आणि दोन ओळींची शेपटं उभी राहिली.

…जात्याचिया पाळिला

…म्हणे

दोन्हींच्या आधी चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

चारू पुढं वाकली. "जातं? बाबा जात्यावर लिहायचे नाहीत कधी. त्यांना असलं गावठी वाटायचं." मग तिनं मला विचारलं, की मी इतके दिवस टाइप केलं, मला काहीच आठवत नाही का. मला खरंच आठवत नव्हतं. टाइप करणारीच्या डोळ्यांतून अक्षरं बोटात उतरतात, मधे मनात टेकत नाहीत. मी डोळे मिटून कीबोर्डवर बोटं ठेवूनही पाहिलं. बोटं 'पाळी'पर्यंत, जात्याच्या त्या कडेपर्यंत, गेली आणि थांबली.

"काकींना विचारलं तर? त्या रोज बसायच्या इथं."

"आईला वाचता येत नाही, कुंदाताई. आणि बाबांच्या वृत्तातलं तिला काय कळणार." तिच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. घरातली एक जुनी गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं.

पहिली सात कडवी आम्ही दोघींनी मिळून सोडवली. 'ही वनिता' काढून चारुलता, मल्हारपेठच्या नवऱ्याच्या जागी सदानंद. एखाद्याच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे असावेत आणि एकेक उतरवावेत, तसं झालं. आठव्याच्या जागी मी मामा-काका पुसले आणि पांढरं ठेवलं. चारू म्हणाली, सातच म्हणू. मी मान हलवली. पण ती दोन शेपटं मी कागदाच्या तुकड्यावर उतरवून पर्समध्ये ठेवली.

हळदीच्या दिवशी मी गुरुजींच्या गावाला गेले. स्वच्छ छापलेल्या प्रती देण्याचं निमित्त होतं. कोयनेच्या पलीकडं, चढावर घर. अंगणात मांडव, पुढच्या सोप्यात जातं मांडलेलं. जात्याच्या खुंट्याला आंब्याची डहाळी बांधली होती आणि पाच सवाष्णी हळद दळत होत्या. हसणं, एकमेकींना उखाण्यात गुंतवणं चाललं होतं. एक जण म्हणाली, "चारू, नवऱ्याचं नाव घे, नाहीतर हळद पांढरी निघंल." चारू खाली बघून हसली.

हौसाकाकी तिथं नव्हत्या. मागच्या पडवीत एकट्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं. लेकीच्या हळदीला हात लावायचा नाही, जात्याला हात लावायचा नाही, उद्या मांडवात पुढं यायचं नाही. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या आपल्या आपणच मागं येऊन बसल्या होत्या.

मी शेजारी बसले. माझ्याकडून काय झालं ते त्यांनाही सांगितलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग मी कागदाचा तुकडा काढला आणि वाचला. एवढंच उरलंय काकी, म्हटलं. जात्याचिया पाळिला. आणि म्हणे.

त्यांचा हात सुपात थांबला.

सोप्यातून जात्याची घरघर येत होती. मग त्यांचे ओठ हलले, बाकड्यावर हलायचे तसे. आवाज नंतर आला. आधी इतका बारीक, की तो जात्याचाच वाटला.

"जात्याच्या पाळीवर पीठ उजेडासारखं,
लेक चालली गं माझी, तिला घर हे पारखं.
जात्याचा खुंटा माझ्या मुठीमधी झिजला,
लेकीचा पाळणा त्याच सुरात निजला."

मी म्हटलं, "काकी, हे गुरुजींचं नव्हे."

"न्हवं. माझं हाय."

मग त्यांनी सांगितलं. थोडं थोडं, तांदळातले खडे बाजूला काढत. चारू सहा महिन्यांची असताना त्या पहाटे जात्यावर बसायच्या, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. गुरुजी आत अंथरुणात पडून ऐकायचे. कधी काही बोलले नाहीत. उभ्या संसारात बायकोच्या ओवीला त्यांनी बरं म्हटलं नाही की वाईट. आणि गेल्या श्रावणात, सातवं कडवं झाल्यावर, घरी येताना एसटीत त्यांना म्हणाले, "हौसा, ते जात्यावरचं म्हणायचीस ते अजून येतं का तुला?" पंचवीस वर्षांनी विचारलं. त्यांनी म्हणून दाखवलं. खिडकीशी बसून, हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं. गुरुजी म्हणाले, आठवं कडवं झालं. मांडवात ओवी चालणार नाही, तिला वृत्तात बसवतो, पण तुझीच आहे.

"आन् ते 'म्हणे'?" मी विचारलं. मीही त्यांच्यासारखंच बोलायला लागले होते.

"तितं माझं नाव घालनार हुते. मी नगं म्हनलं. बाईचं नाव मांडवात कोन घेतं? शोभतं का? दोन दिस तेवढ्यावरनं रुसले माज्यावर." त्या किंचित हसल्या. "मग म्हनले, जागा सोडून ठेवतो. तू हूं म्हनलीस की घालू."

मी उठले आणि सोप्यात जाऊन चारूला हाताला धरून आणलं. तिचे हात हळदीनं पिवळे होते. मी काकींना म्हटलं, पुन्हा म्हणा. त्यांनी मान हलवली, नाही म्हणाल्या. चारू त्यांच्यापुढं उकिडवी बसली. "म्हण ना आई." काकींनी सूप पुढं ओढलं. मग मीच कागद उलटा केला आणि ऐकता ऐकता मागच्या बाजूला लिहून घेतलं होतं ते वाचलं. चारू ऐकत होती आणि आईच्या तोंडाकडं बघत होती, जसं आपण एखाद्या अनोळखी बाईकडं बघतो, जिला कुठं तरी पाहिलंय असं वाटतं.

"उद्या आठवं तू म्हणायचंस," ती म्हणाली.

"वेडी का काय. मी मांडवात कशी येऊ?"

"नको येऊस. सोप्यातनं म्हण. दारात उभी राहून म्हण. पण मी अंतरपाटामागं उभी असणार, आणि तू म्हणाली नाहीस तर मी माळ घालणार नाही."

काकींनी तिच्या हळदीच्या हातांकडं पाहिलं. त्या हातांना धरायला त्यांचा हात अर्ध्यावर आला आणि परत सुपात गेला. तेव्हा चारूनंच तो ओढून घेतला. हळद लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पस्तीस मिनिटांचा मुहूर्त. मी मांडवाच्या खांबाशी उभी होते, मुजावर काका माझ्या शेजारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. अंतरपाट धरला. मुलींनी म्हणायला सुरुवात केली. आली मंगल वेळ ही, उजळली दारी दिव्यांची सभा. प्रत्येक कडव्याशेवटी 'सावधान' आलं, अक्षता पडल्या. सात झाली. मुली थांबल्या. भटजींनी पुस्तकातून मान वर केली. लोकांच्या मुठी अक्षतांनी भरलेल्या, आणि कुणाला कळेना.

सोप्याच्या दारातून आवाज आला.

तो मंगलाष्टकांचा सूर नव्हता. तो जात्याचा होता, गोल, एकाच जागी फिरणारा. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी एकदम माना वळवल्या. 'पाळीवर' म्हणताना आवाज थोडा कापला, 'निजला'पाशी स्थिरावला. आणि मग आदल्या दिवशी पडवीत ज्या दोन ओळी त्यांनी मला सांगितल्याच नव्हत्या, त्या आल्या.

"हौसा म्हणे लेकी, मागं वळून बघू नको,
माझं दळण सरलं, रितं जातं ओढू नको."

पुढं 'सावधान' नव्हतं. कुणीच अक्षता टाकल्या नाहीत. एवढा मोठा मांडव आणि अंतरपाटाच्या कापडाची फडफड तेवढी ऐकू येत होती. मग चारूनं मागं न वळता अंतरपाट खाली ओढला, आपल्याच हातानं सदानंदला माळ घातली, आणि सगळीकडून अक्षता आल्या. मुजावर काकांनी आपल्या मुठीतल्या सोप्याच्या दाराकडं टाकल्या.

जेवणावळी उठल्यावर मी काकींचा निरोप घ्यायला मागं गेले. त्या पडवीत त्याच जागी होत्या. मी खाली बसून त्यांचे पाय धरले आणि म्हटलं, काकी, तुमची ओवी मिळाली, पण गुरुजींनी तिचं जे केलं होतं ते माझ्या हातून गेलं. ते आता कधीच यायचं नाही. मला माफ करा.

"कुटं गेलं?" त्या म्हणाल्या. "मला येतंय की."

मला आधी कळलंच नाही.

"चार दिस तुज्या दुकानात तेच तर सांगत हुते. येकेक वळ धा-धा येळा. मला पाट झालं. समदं येतं."

"मग काकी, काल का नाही सांगितलंत? चारू त्याच्यासाठी किती..."

त्यांनी पदराच्या टोकानं हाताची हळद पुसायचा प्रयत्न केला. ती निघत नव्हती.

"सात दिली की त्यांनी लेकीला," त्या म्हणाल्या. "आन् माजी मी दिली. ह्ये येक ऱ्हाऊ दे माज्यापाशी."

मी ते कुणाला सांगितलं नाही. चारूलाही नाही. संक्रांतीला म्हणा, दिवाळीला म्हणा, मी पुढं नऊ वर्षं काकींकडं जात राहिले. चहा व्हायचा, चारूच्या मुलांच्या गोष्टी व्हायच्या. कधी कधी बोलता बोलता त्या गप्प होत आणि त्यांचे ओठ हलत. मी दुसरीकडं बघायची.

त्या गेल्या तेव्हा ते कडवं त्यांच्याबरोबर गेलं. माझ्याकडं ती फाइल आहे. प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर मी ती हातानं नेते, नाव तेच, 'मंगल१'. सात कडवी आहेत. त्यांच्या खाली पांढरी जागा आहे, आणि जागेच्या शेवटी मी दोनच शब्द टाइप करून ठेवलेत. हौसा म्हणे.